शेंद्र्याच्या बसमधलं पूर्ण तिकीट

एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून माझ्या एकटीच्या भटकंतीला घरात कुणी खर्चाचं कारण सांगून अडवत नाही. या वेळी नाशिकहून छत्रपती संभाजीनगर गाठलं. वैजापूरमार्गे पाच तास धरा. क्रांती चौकाजवळ साध्या लॉजची खोली आठशेत मिळाली. संध्याकाळी गुलमंडीतली कापडाची दुकानं पालथी घातली आणि घेतली फक्त एक ओढणी.

कुठंही गेले की तिथली जवळच्या फेरीची पहिली एसटी पकडून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, ही माझी खोड. सकाळी सहाची शेंद्र्याची बस मिळाली. कारखान्यांत कामाला निघालेल्या बायकांनी ती भरली होती. 'जय भीम' म्हणत एकमेकींना जागा करून देत होत्या. माझ्या शेजारी सुमनताई बसल्या. पन्नाशीच्या, एका कारखान्यात पॅकिंगला.

कंडक्टर रफिकभाई आले. मी अर्धं तिकीट मागितलं, तसा सुमनताईंनी माझा हात दाबला.

"पूर्ण घ्या ताई. ह्या आठवड्यात गाडीची मोजणी हाय. तोटा दिसला तर बंद करतील."

"बंद झाली तर?"

"मंग रिक्षा. ती फाट्यावरच सोडती. तिथून चालत जाईस्तोवर गेट बंद व्हतं, खाडा पडतो. लई खाडे झाले की काढूनच टाकतेत."

हक्काची सवलत सोडून सगळ्याच बायका पूर्ण तिकीट घेत होत्या. सवलत घेणाऱ्यांना फुकटे म्हणणारे आमच्याही घरात आहेत. त्यांना आणून या बसमध्ये बसवावंसं वाटलं. मीही पूर्ण तिकीट घेतलं. खरं सांगते, मला फार भारी वाटलं.

पुढं अजिंठा पाहिला आणि सोयगावला मावसबहिणीकडे आठवडाभर राहिले. नाशिकला परतायच्या दिवशी सकाळी मुद्दाम पुन्हा तीच बस धरली. ड्रायव्हरच्या मागं कागद चिकटवला होता: एक तारखेपासून ही फेरी बंद.

रफिकभाईंना विचारलं. "मेरे को भी कलीच मालूम पड़ा मॅडम. आधा टिकट निकला तो बाकी पैसा सरकार भरती. कौनसी गाडी चालू रखना, वो औरतां के आधे टिकटां गिन के ठैरता. इनों पूरे टिकट लिए, तो मशीन में औरतां दिखेच नहीं."

"म्हंजी आम्हीच आम्हाला खोडलं," सुमनताई म्हणाल्या.

त्या आठवड्याची तिकिटं बायकांनी जपून ठेवली होती. आता प्रत्येक तिकिटामागं नाव लिहून ती, फेरी बंद करू नका म्हणून द्यायच्या अर्जाला जोडायची होती. मी पर्समधून माझं काढून पुढं केलं.

"तुमचं नगं ताई. तुम्ही रोजच्या नाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. उतरताना त्यांनी फोन नंबर मात्र दिला.

घरी येऊन बरेच दिवस झाले. काल पर्स आवरताना ते तिकीट हाती लागलं, तर शाई उडत चाललेली. अर्जाला लावलेलीही अशीच कोरी होतील, झेरॉक्स काढून ठेवायला सांगावं, म्हणून आज सकाळी फोन केला. तारीख एक आहे, हे डोक्यातच आलं नाही.

पलीकडून धापा ऐकू आल्या, मागं ट्रकांचे हॉर्न.

"आत्ता नगं ताई," सुमनताई म्हणाल्या. "फाट्यावरून निघालेय. गेट बंद व्हईल."