उंबऱ्यातला केर

कौशल्याक्का मला पहिल्यापासून आवडायच्या, असं मी म्हणणार नाही. जीभ तिखट, आवाज मोठा आणि चुकलं तरी मान ताठ. बंगळूरात मल्लेश्वरमच्या एका आडरस्त्यावर बावीस अनाथ मुलांचा आश्रम होता, तिथे त्या आया होत्या. मी रोज सकाळी दोन-तीन तास तिथली इंग्रजी पत्रं टाइप करायला जायची. दोघी घरी मराठी बोलणाऱ्या, तेव्हा त्यांनी मला पहिल्याच दिवशी आपली मानलं आणि हक्काने शेंगा सोलायला बसवलं.

त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. "आमचे पूर्वज घोड्यावरून आले," असं त्या पीण्या या कारखान्यांच्या वस्तीकडे जाणाऱ्या बसमध्ये लोंबकळतानाही ऐकवायच्या. नवरा तिथल्याच एका कारखान्यात लेथवर होता. तो वारल्यावर त्यांनी ही नोकरी धरली. मूलबाळ नव्हतं, आणि त्यावरून कोणी हळहळलं की त्या भडकायच्या.

चौऱ्याण्णव साली डेन्मार्कहून हेलेन आली. वय वीस, सहा आठवडे सेवा करायला. अशा मुली वर्षभर यायच्या आणि आमचे विश्वस्त भगवंतराव, म्हणजे चिकपेटेतले साड्यांचे व्यापारी, प्रत्येकीला हार घालायचे. हेलेन मनाने चांगली होती, ते सांगितलंच पाहिजे. पण पाच वर्षांच्या पवित्राला तिने पहिल्या दिवशी कडेवर घेतलं ते सहा आठवडे खाली म्हणून उतरवलं नाही. भरवायची ती, निजवायची ती. निघताना दोघी फाटकाशी इतक्या रडल्या की टॅक्सीवाला लांब जाऊन उभा राहिला.

टॅक्सी गेली आणि कौशल्याक्कांनी हातातली केरसुणी कोपऱ्यात ठेवली. माणूस परगावी निघालं की आपल्यात लगेच घर झाडत नाहीत. "ती पोचेपर्यंत झाडायचं नाही," त्या सवयीने बोलून गेल्या. पवित्राने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी केरसुणी सापडेना. ती पवित्राच्या अंथरुणाखाली निघाली. काढून घेतली तर पोरगी उंबऱ्यात आडवी झाली. झाडलं नाही की हेलेन परत येते, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. जेवण तिने सोडलंच, दोन घोट दूध घ्यायची तेवढंच. डॉक्टर म्हणाले, ताप नाही, काही नाही. कौशल्याक्का तिच्याजवळ उंबऱ्यात बसून नाचणीच्या उकडीचे, इकडच्या 'मुद्दे'चे, छोटे गोळे सारात बुडवायच्या, तिच्या ओठांपर्यंत न्यायच्या आणि परत ताटात ठेवायच्या. "माझ्याच तोंडाने घात केला गं," म्हणाल्या. त्यांना चूक कबूल करताना मी प्रथमच पाहत होते.

नवव्या दिवशी पोरगी भुकेपुढे हरली. पण त्यानंतर ती कोणाच्याच कडेवर जाईना. कौशल्याक्कांनी हात पुढे केले की दोन पावलं मागे सरायची. त्या दिवशी त्यांची भाजी दोनदा करपली.

मग त्या पदर खोचून भगवंतरावांसमोर उभ्या राहिल्या.

"अण्णा, यापुढे पाहुण्या मुलींनी पोरांना कडेवर घ्यायचं नाही. भांडी घासा म्हणावं, कपडे धुवा, भाजी चिरा."

"अहो अक्का, त्या प्रेम द्यायला येतात."

"देतात, आणि जाताना घेऊन जातात. मागे राहतं ते मला झाडावं लागतं."

भगवंतराव तडकले. "तुम्ही इथे आया आहात. पटत नसेल तर दुसरीकडे बघा."

"सरी, बरं. काढा मला. पण आधी दुकानाला कुलूप लावून आठ दिवस त्या पोरीपाशी उंबऱ्यात बसा."

त्यांनी काढलं नाही. महिनाभर बोललेही नाहीत, पण नियम राहिला.

नोव्हेंबरात हेलेनचं पत्र आलं. घरी कशातच मन लागत नाही, जेवताना रडू येतं, पवित्राला माझी गरज आहे, नाताळात दोन आठवडे येऊ का? कौशल्याक्कांनी उत्तर सांगितलं: "ये. काम स्वयंपाकघरात. कडेवर कोणी नाही. परत जायची तारीख पहिल्याच दिवशी तू स्वतः पोरीला सांगायची. जमत नसेल तर येऊ नकोस." मी दोन गोड वाक्यं घुसवली. त्यांनी मराठीत वाचून दाखवायला लावलं आणि मला बरोबर पकडलं. "साखर काढ त्यातली," म्हणाल्या.

हेलेन आली. पहिल्याच दिवशी तिने कॅलेंडरवर बोट ठेवून पवित्राला तारीख दाखवली. पवित्रा दाराआड उभी राहून बघत होती, जवळ आली नाही. हेलेन लसूण सोलायला बसली. चार-पाच दिवसांनी सोलता सोलता तिचा बांध फुटला. "तिला माझी गरज आहे असं मला वाटायचं. गरज मलाच होती. मी दिसले की धावत येणारं तिकडे कोणी नाही." मी ते मराठीत सांगितलं.

"रड," कौशल्याक्का म्हणाल्या, "स्वल्प रड, मग लसूण संपव." आणि त्यांनी तव्यावरचा पहिला डोसा तिच्या ताटात टाकला.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला टॅक्सी आली. हेलेन पवित्रासमोर उकिडवी बसली आणि पाठ केलेलं कानडी वाक्य बोलली. मी जाते, परत येईन की नाही माहीत नाही. मध्ये अडखळली, पण वाक्य तिने पुरं केलं.

टॅक्सी वळली न वळली तोच कौशल्याक्कांनी केरसुणी उचलली. मी दचकले. "अक्का, अहो, ती अजून विमानतळावरसुद्धा पोचली नसेल!"

त्या थांबल्या. घोड्यावरून आलेल्या त्या घराण्यात असं कोणी कधी केलं नसणार.

"तिला देव सुखरूप नेईल," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीला आज जेवायचंय."

आणि त्यांनी उंबऱ्यापासून फाटकापर्यंत खराखरा झाडून काढलं. पवित्रा बघत राहिली. रडली, पण आडवी पडली नाही. थोड्या वेळाने आत जाऊन केरभरणी घेऊन आली आणि त्यांच्या केरसुणीपुढे धरली. केर भरला, बाहेर टाकला. मग तिने कौशल्याक्कांकडे पाहून दोन्ही हात वर केले.

कौशल्याक्कांनी केरसुणी तिथेच टाकली, दुखऱ्या कमरेने वाकून पोरीला कडेवर घेतलं आणि माझ्यावर खेकसल्या, "बघतेस काय? ताट वाढ."