रिकामं उखळ

"कान उघडा, तोंड बंद!" शेजारची भाभी दारात आली की आधी पदर कानामागे खोचायची आणि मग हे बोलायची. तिचं स्वतःचं तोंड मात्र घटकाभर बंद नसे. हसाल तर हसा, पण आमच्या कडावच्या वाटेवरची पाच घरं तिनं त्या तोंडानंच एका दोरीत बांधली.

फाळणीनंतरचं दुसरं वर्ष. तिचा नवरा कराचीच्या गोदीत कामाला होता. तो घरी परतला, पण परमिटाशिवाय. तिकडून परमिटाशिवाय आलेल्या मुसलमानाला पोलीस धरून परत सरहद्दीपार धाडत. ज्याची नाळ इथल्या मातीत पुरली, त्यानं स्वतःच्या ओटीवर बसायला कागद दाखवायचा! माझं तर डोकंच फिरायचं. भाभी चिडत बसली नाही, कामाला लागली.

कर्जतहून शिपाई आले की वाटेवर पहिलं घर माझं, शेवटचं तिचं. ती म्हणाली, "रिकाम्या उखळात मुसळ मारा गं. दगड ठणठणला की पुढचीनं पण मारायचं. तवर ह्ये मागच्या बांबूच्या बेटात लपतील."

भात कांडल्याचा आवाज आमच्याकडे रोजचाच. पण रिकामं उखळ कांडणं अशुभ, एरवी कुणी बाई ते करायची नाही. म्हणजे खूण पक्की! दोनदा शिपाई आले, दोनदा पाचही उखळं ठणठणली, आणि शिपाई भाभीच्या हातचा चहा पिऊन परत गेले. "साखर कमी पडली का हो?" असं वर विचारायची, बया!

तिसऱ्या वेळी मला सातवा महिना होता. ओढ्यापलीकडे शिपाई दिसले. मी मुसळ उचललं आणि हात अडला. मी पहिलटकरीण, भरल्या पोटी रिकामं उखळ कसं कांडू? सुपातलं मूठभर भात आत टाकलं आणि जीव खाऊन कांडत सुटले. आवाज मऊ आला. शेजारणीला वाटलं, ही भात कांडतेय.

शिपायांनी भाभीच्या नवऱ्याला भरल्या ताटावरून उठवलं.

भाभीला कुणी जा म्हटलं नव्हतं. "तितं ह्यांना भाकरी कोन देल?" म्हणत तीही निघाली. जाताना माझ्या ओटीवर थांबली. मी तोंड लपवून रडत होते. तिनं उखळात हात घातला, अर्धवट कांडलेलं भात वर काढलं आणि तिला सगळं कळलं.

"येडे, तू पोटुशी, ह्ये माज्याच ध्यानात आलं नाय," ती म्हणाली. "चूक माजी हाय. रडू नको गं, नीट बाळंत हो." आणि ती मूठ माझ्याच पदरात बांधून चालू लागली.

मला मुलगी झाली, सुखरूप. ते सांगायला पत्ता कुठं होता?

आता भात गिरणीवर जातं. घरात कुणी नसलं की मी रिकाम्या उखळात मुसळ मारते. एकदा, दोनदा. मग हात थांबवते आणि तिच्या घराकडे कान देऊन बसते.