पाटीखालचा रंग

वडिलांनी विकलेली फियाट इतक्या वर्षांनी पाचोऱ्यात सापडली, ती तिच्या जुन्या नंबरामुळे. तरी गाडी तीच असेल का, अशी मनात धाकधूक होती. व्यवहार उरकण्याआधी मी ती चौकातल्या नंबर रंगवणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेली आणि त्याला सगळी हकिकत सांगितली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्याने बॉनेट उघडलं नाही. उकिडवं बसून पाटीचे स्क्रू काढले आणि मागच्या पत्र्यावर ओला अंगठा फिरवला. पाटीमागचा रंगही बाकी गाडीइतकाच विटलेला होता.

"पाटीखालना रंगले ऊन लागत नही, भाऊ. आठे तं बठ्ठा रंग उडेल शे. नंबर तुमना वडीलस्ना शे, गाडी नही."

त्याने पाटी उचलून माझ्याकडे पाहिलं.

"पाटी परत लावू का?"

घरी आई या गाडीची वाट पाहत पूजेचं ताट घेऊन दारात बसली होती.

"लावा," मी म्हणालो. "जरा घट्ट."