निरोपापायी सुटलेली गाडी

लंडनच्या गॅटविक विमानतळावर अमोलने आपल्या आईला आमच्या हवाली केलं, ते काचेचं भांडं सोपवावं तसं. सुनंदाकाकू नागपूरच्या निवृत्त शिक्षिका. चार वर्षांपासून त्या लंडनच्या पिनर उपनगरात मुलाकडे राहतात, आणि या चार वर्षांत कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे एकट्या गेलेल्या नाहीत, कारण अमोल जाऊ देत नाही. आम्ही क्रॉयडन आणि नॉटिंगहॅमचे पाच जण सोबत असणार आणि त्यातली शैलजा हॉस्पिटलात नर्स आहे, म्हणून इटलीची परवानगी मिळाली.

"काही इश्यू झाला ना आई, तर ही लास्ट ट्रिप," अमोल म्हणाला.

"बरं," काकू म्हणाल्या. निवृत्त शिक्षिकेने असं निमूट 'बरं' म्हणावं, याचं मला वाईट वाटलं.

रोममध्ये माझा नवरा मंगेश आमचा पुढारी झाला. त्याला कोणी निवडलं नव्हतं. त्याने आम्हाला इतकी चर्च दाखवली की शेवटच्या दोन-तीन चर्चमध्ये आम्ही फक्त बाकं मोकळी आहेत का तेवढं बघत होतो. फ्लॉरेन्सला शैलजाने पास्त्यावर घालायला लाल तिखट मागितलं. वेटरने आणलं नाही, नुसता दुःखी चेहऱ्याने बघत राहिला. काकू मात्र सगळं चवीने खात होत्या, आणि जिना आला की आमच्यातला कोणीतरी धावत जाऊन त्यांचा दंड धरत होता.

तिथून आम्ही समुद्राकाठच्या गावांकडे निघालो. ला स्पेझियाला गाडी बदलली. या छोट्या गाडीच्या वाटेत बोगदेच बोगदे. मधेच निळं पाणी दिसतं आणि मोबाईल काढेपर्यंत पुन्हा अंधार. समोर एक नोन्ना (आजी) बसली होती. तिने फोकाचा (ऑलिव्ह तेलातला चपटा, मऊ पाव) पुढे केला. काकूंनी शंकरपाळे काढले. तिने आणखी दिलं, काकूंनी आणखी दिलं. आग्रहाचा हा सामना बरोबरीत सुटला.

मानारोला आलं आणि नोन्ना उठली. आता, आपल्याकडे माणसाला बसल्या जागेवरून निरोप देत नाहीत. दारापर्यंत जायचं, मग फाटकापर्यंत, आणि खऱ्या गप्पा फाटकाशीच सुरू होतात. मंगेशने तिची पिशवी उचलली. शैलजा म्हणाली, "एक फोटो तर बनतोच!" बघता बघता आम्ही पाचही जण फलाटावर. एक फोटो झाला, डोळे मिटले म्हणून दुसरा झाला, आणि गाडीची दारं बंद झाली.

आत राहिल्या आमच्या सगळ्या बॅगा आणि गुडघ्यामुळे न उतरलेल्या काकू. गाडी हलली. आम्ही खिडकीबरोबर धावलो. काकूंनी हात हलवला. नोन्नासुद्धा आनंदाने हात हलवत होती.

"डोन्ट पॅनिक! काकू नेक्स्ट स्टेशनला उतरतील," मंगेश ओरडला. एवढं घाबरलेलं 'डोन्ट पॅनिक' मी ऐकलेलं नाही.

काकू फोन उचलेनात. मागून आलेल्या गाडीने आम्ही कोर्निलियाला पोचलो. मंगेश उडी मारून उतरला, फलाट बघून परत चढला. काकू नव्हत्या. तेवढ्यात अमोलचा फोन आला. "आई कॉल का घेत नाहीये?"

"झोपल्यात," मंगेश म्हणाला.

मला रडू यायला लागलं. काकूंचं काही बरंवाईट होईल ही भीती होतीच, पण आमच्या मूर्खपणाने ही त्यांची शेवटची सहल ठरणार, याचं दुःख त्याहून मोठं होतं.

मोंतेरोस्सोचं स्टेशन समुद्राला अगदी खेटून आहे. तिथे एका बाकावर काकू बसल्या होत्या. शेजारी बॅगा शिस्तीत मांडलेल्या.

"एवढं सामान कसं उतरवलं?" शैलजाने विचारलं.

"दोन पोरं होती. म्हटलं, बाबांनो, तेवढं उतरवून द्या. दिलं."

"कोणत्या भाषेत?"

"मराठीत. इंग्लिश त्यांना तरी कुठं येत होतं?"

"आणि फोन, काकू?"

"वाजून राहिला होता. ऐकला मी." मग समुद्राकडे बघत म्हणाल्या, "उतरायचं इथंच होतं, तुम्ही येणारच होता. म्हटलं, तोवर जरा बसू. चार वर्षांत पहिल्यांदा बाजूला कोणी नव्हतं गं."

काळजी म्हणून आम्हीही पहाराच देत होतो.

पुढचे दिवस काकू सकाळी एकट्याच कॉफीला जात. मंगेश लपतछपत मागे निघाला, तर त्यांनी त्याला परत पाठवून रांगेत उभं राहून सगळ्यांसाठी पाव आणायला लावला. झाला प्रकार अमोलला सांगायचा नाही, असं आम्ही ठरवलं. काकू तेव्हा हजर होत्या, पण हो म्हणाल्या नव्हत्या.

गॅटविकला अमोल कार घेऊन आला होता. "सगळं ओके ना?"

"एकदम!" मंगेश म्हणाला.

"मला गाडीत विसरले हे," काकू म्हणाल्या. "मी एकटीच पुढे गेले."

अमोलचा चेहरा लाल झाला. आम्ही आपापले बूट बघू लागलो.

"मी सांगत होतो ना, आई, दिस इज एक्झॅक्टली..."

"सामान तू घेऊन ये. मी ट्रेनने येते. फॅरिंग्डनला बदलायचं, तिथून मेट्रोपॉलिटन लाइनने थेट पिनर. विचारून घेतलंय मी."

"अगं, मी कार आणलीय!"

"मग बॅगांची सोय झाली."

आणि त्या निघाल्यासुद्धा, गुडघा सांभाळत, सावकाश. अमोल मागे जायला निघाला, पण दोन पावलांवर थांबला. गर्दीत त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

"बारावीनंतर तिने मला एकट्याला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं होतं," तो म्हणाला. "मी रडत होतो. ती नाही."

मग त्याने बॅगा ट्रॉलीवर ठेवल्या आणि कार पार्ककडे वळला.