सात अक्षरी, तीन एस

लग्न होऊन मी नागपूरहून बंगळुरूला आले, तेव्हा जे. पी. नगरच्या त्या घरात आम्ही तिघंच होतो. नवरा, सासरे आणि मी. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना घरात अण्णा म्हणत. रस्त्यावर रिक्षावाल्यालाही अण्णाच म्हणायचं असतं हे कळल्यावर पहिले काही दिवस मला कुणालाच हाक मारायचा धीर होईना.

अण्णा सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. सारी उमर ऑफिसात इंग्रजी, बाजारात कन्नड आणि घरी मराठी. नवरा सकाळी कंपनीच्या बसने गेला की ते इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसत. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, इंग्रजी यथातथाच. पण रविवारच्या पुरवणीतल्या मराठी शब्दकोड्याचा मी माहेरी चहा निवायच्या आत फडशा पाडत असे. त्यामुळे एकदा अण्णांनी हाक मारून विचारलं, पाच अक्षरी, शेवटी ई, आकाशात उडतं, तेव्हा मी पोळपाटावरून मान न उचलता सांगितलं, हेलिकॉप्टर. आमच्या कोड्यात एका चौकोनात एक पूर्ण अक्षर बसतं. हे, लि, कॉ, प्ट, र. मोजून पाच. शेवटच्या ईचं मला भानच राहिलं नाही.

अण्णा खोकला येईपर्यंत हसले. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर हे रोजचंच झालं. "अगं, स्वल्प इकडे ये," असं कन्नडमधलं 'जरा' मराठीत मिसळून ते बोलवत आणि काहीतरी विचारत. ते मला नावाने कधी हाक मारत नसत, नेहमी "अगं". मला ते मायेचं वाटायचं. पण प्रश्न मात्र परीक्षेचे वाटत. या घरची सून इंग्रजीत किती पाण्यात आहे हे ते रोज बघतात आणि मी रोज नापास होते, अशी माझी खात्री झाली. नवऱ्याला ते कधीच काही विचारत नसत. तो तर पास झालेलाच होता.

मी हट्टाला पेटले. एका दुपारी बसने इथल्या शिवाजीनगरला गेले आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून कोडी सोडवणाऱ्यांचा एक इंग्रजी कोश घेऊन आले. त्यात चार अक्षरी शब्द एकीकडे, पाच अक्षरी दुसरीकडे, असे शब्द लांबीप्रमाणे लावलेले होते. तो मी तांदळाच्या डब्यामागे ठेवला.

आता माझं गाडं रुळावर येईल असं वाटलं होतं, पण गोंधळ वाढला. एकदा त्यांनी विचारलं, सहा अक्षरी, मधे दोन टी. मी कोश चाळून "बॉटम" सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "कॉटन" सांगितलं, तेही नव्हे. दुपारी ते झोपल्यावर मी पेपर काढून पाहिला, तर त्यात तसा शब्दच नव्हता. आडवे तपासले, उभे तपासले. पुढच्या दिवसांत पुन्हा पुन्हा पाहिलं. ते विचारत ते कोड्यात नसे, आणि कोड्यात जे असे ते त्यांनी माझ्या मदतीशिवाय भरलेलं असे. कधी कधी तर चौकोन कोरेच असत. मग हे विचारतात तरी काय? माझी थट्टा चालली आहे का? मला रडूही येई आणि रागही येई.

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, दुसऱ्या दिवशी इथे पेपर येत नाही. आदल्या दिवशी सगळ्या गल्लीने आपापल्या गाड्यांपुढे कोहळे फोडले होते आणि रस्ता कुंकवाने लाल झाला होता. मी तो फाटकातून बघत होते, तेवढ्यात आतून हाक आली.

"अगं, सात अक्षरी. तीन एस."

मी आत गेले. अण्णा खुर्चीत बसलेले. समोर टेबल मोकळं.

"सक्सेस," मी म्हणाले. हा शब्द मला पाठ होता.

"ते नव्हे गं." ते टेबलावर हात फिरवत होते, मग खिडकीच्या कठड्यावर, मग स्वतःच्या कपाळावर.

"अण्णा, आज पेपर आलेलाच नाही."

ते थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या चाचपडणाऱ्या हाताकडे पाहिलं आणि वळून देवघराकडे गेले. पूजेच्या वेळी काढून ठेवलेला त्यांचा चष्मा तिथेच होता. तो आणून मी त्यांच्या हातात दिला. ग्लासेस. आणि मग ते दोन टी आठवले. त्या सकाळी त्यांच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं होतं.

मराठी शब्द निसटला की ते इंग्रजीच्या दाराशी जात होते, आणि तिथेही शब्द अर्धाच हाती लागत होता. त्याची लांबी आठवे, एखाददुसरं अक्षर आठवे, शब्द काही येत नसे. मग ते त्याचं कोडं करून मला घालत.

"मलाच का विचारलंत?" मी म्हणाले.

"तुझं इंग्रजी बेताचं. तुला ते कोडंच वाटलं असतं," ते म्हणाले. "त्याला लगेच कळलं असतं. त्याला सांगू नकोस."

मला फार लागलं ते. दया आधी आली की राग, हे मला आजही सांगता येणार नाही. पण गप्प बसणं मला जमलं नाही. त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हे असंच वाढत जाणार. अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी समोर ताट ठेवलं की ते मान फिरवत. या घरात मी आता कोण, हे मला कळेनासं झालं.

एका सकाळी मी त्यांच्यापुढे चहा ठेवून परत निघाले होते.

"अगं."

मी वळले. पेपर घडी न मोडता तसाच पडला होता. ते माझ्याकडे टक लावून बघत होते.

"तीन अक्षरी," ते म्हणाले. "तुझ्या मोजणीनं, माझ्या नाही. नागपूरहून आलेली."

ते "अगं" किती दिवसांपासूनचं होतं कोण जाणे. मी त्यांच्या खुर्चीशी खाली बसले आणि माझं नाव सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर सोडवून.

त्यांनी ते बोटांच्या पेरांवर मोजून पाहिलं.

"सरी," ते म्हणाले, कन्नडमधलं 'ठीक'. "बसतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा खाली बसले आणि सांगितलं.