धामणीचा नाग

मेलेला साप समोर आला की ते आधी चष्मा कपाळावर चढवीत. मग धोतर सावरून कचेरीच्या ओटीवर उकिडवे बसत, खराट्याची एक हीर घेऊन सापाचा जबडा उघडीत आणि नाक जवळजवळ त्याच्या तोंडात घालून म्हणत, "रंगावर जाऊ नका. खवले बघा."

ऐकायला कोणी नसलं तरी म्हणत. तेव्हा बहुधा सापालाच सांगत असावेत.

आम्ही दोघे कल्याणात एकाच कचेरीत कारकून होतो. त्या काळी विषारी साप मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देई, आणि आलेला साप विषारी की बिनविषारी हे ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. ते कोणाला नको होतं म्हणून त्यांच्याकडे आलं, आणि त्यांना इतकं आवडलं की मग कोणाला मागूनही मिळालं नसतं. ठाण्याच्या एका डॉक्टराकडे रविवारी जाऊन त्यांनी सापांच्या जाती शिकून घेतल्या होत्या. नागाच्या वरच्या ओठावरचा तिसरा खवला डोळ्यापासून नाकापर्यंत पोचतो, मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरचे खवले बाकीच्यांहून मोठे असतात, असं ते आम्हाला डबा खाताना सांगत. आमचा डबा तसाच राही.

जे सापांचं तेच सगळ्या जिवांचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला प्रत्येक गोष्ट आपल्या जागी लागल्याखेरीज चैन पडत नाही. एका मुंजीच्या पंगतीत शेजारचे शास्त्रीबुवा वटवाघळाला पक्षी म्हणाले. यांनी हातातली जिलबी खाली ठेवली. "पक्षी नव्हे, शास्त्रीबुवा. त्याला कान आहेत, दात आहेत, पिल्लाला अंगावर पाजतं. ते आपल्यातलं आहे." शास्त्रीबुवांनी आपलं पान जरा पलीकडे सरकवून घेतलं.

कामात ते कोणाची भीड ठेवीत नसत. आमच्या वरिष्ठांच्या जावयाने एकदा मोठ्या ऐटीत साप मारून आणला. ती पाण्यातली दिवड होती. वरिष्ठ म्हणाले, "अहो, घरातलाच माणूस आहे. फणा होता म्हणतो."

"असेल. पण ही दिवडच आहे," ते म्हणाले. "तुमच्या जावयाने मारली म्हणून तिला विष येणार नाही."

असा हा माणूस. म्हणून पुढे जे झालं ते मला अजून पटत नाही.

घाटावर दुष्काळ पडला होता, त्या वर्षाची गोष्ट. आमच्याकडे पाऊस बरा झाला होता, पण भाताचा भाव असा चढला की पिकवणाऱ्यालाच ते विकत घेता येईना. खडवलीकडच्या एका गावातून एक बाई टोपली घेऊन आली. अंगावरचं लुगडं गाठी मारून मारून आखूड झालं होतं. टोपलीत एक लांबलचक पिवळट साप होता.

त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, बसले, जबडा उघडला. "बाई, ही धामण आहे. हिला विष नसतं. हिचं बक्षीस मिळत नाही."

"नाग हाय, रावसाब," ती म्हणाली. तिलाही ठाऊक होतं. शेतकऱ्याच्या बाईला धामण ओळखू येत नाही असं कुठे झालंय! तिने टोपली उचलली नाही. रडली नाही, हात जोडले नाहीत. ओटीच्या खांबाला धरून फक्त उभी राहिली, कारण धरल्याशिवाय तिला उभं राहता येत नव्हतं.

ते बराच वेळ त्या धामणीकडे बघत राहिले. मग चष्मा डोळ्यांवर ओढला आणि शिपायाला म्हणाले, "नाग. देऊन टाक हिला."

मी माझ्या कागदांतून मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

असली बातमी टपालापेक्षा लवकर पोचते. पुढच्या बाजारच्या दिवशी त्याच गावची चार माणसं आली. मग रोज कोणी ना कोणी येऊ लागलं. टोपल्याच्या टोपल्या धामणी. मोठ्या, लहान, काहींच्या पोटात अंडी. ते उकिडवे बसत नसत आता, खवलेही बघत नसत. खुर्चीतूनच "नाग" म्हणत, आणि तेही इतक्या हळू की शिपायाला पुन्हा विचारावं लागे. डब्याच्या वेळी गप्प असत. मी एकदा म्हटलं, "पुण्याचंच काम करताय." त्यावर ते म्हणाले, "माझ्या पदरचं दिलं असतं तर पुण्य म्हटलं असतं."

पुढच्या हंगामात त्या गावात उंदीर झाले.

उभं पीक लांबून हिरवंगार दिसायचं. जवळ जावं तर बुडख्याशी ताटं कातरलेली आणि लोंब्या नाहीशा. उरलेलं भात खळ्यावर आलं तर तिथे उंदीर, कणगीत टाकलं तर तिथे उंदीर. गावाने देवीला कोंबडं दिलं. कोणी म्हणालं, घाटावरून आले. आमच्या कचेरीतही तेच बोलणं चाले.

एका दुपारी ते माझ्या बैठकीशी येऊन उभे राहिले. "उंदीर कुठून आले ते सगळे विचारतात," ते म्हणाले. "तिथून कोण गेलं ते कोणी विचारत नाही."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. मग मी म्हटलं, "अहो, उंदीर इतर गावांतही झालेत. घाटावर तर फारच. सगळं आपल्या अंगाला लावून घेऊ नका."

"इतर गावांचं मला माहीत नाही. या गावच्या धामणी माझ्या समोरून गेल्या."

त्या रविवारी त्यांनी छकडा ठरवला. एकटे जाऊ नयेत म्हणून मी बरोबर गेलो.

गावाच्या अलीकडेच शेतात ती बाई दिसली. बांधाशी गुडघे टेकून कुदळीने उंदराचं बीळ उकरत होती. आत हात घालून मातीने भरलेल्या लोंब्या काढायची, झटकायची आणि टोपलीत टाकायची. तिचंच भात. उंदराने नेलेलं ती परत आणत होती.

आम्हाला पाहून माणसं जमली. पाटील आले. "सापवाले रावसाब आले," म्हणून पोरं ओरडत गावात पळाली. आणि आम्ही अजून बांधावर उभे आहोत तोच एक म्हातारा धापा टाकीत आला. त्याच्या काठीवर एक धामण लोंबत होती, नुकतीच मारलेली, शेपूट अजून वळवळत होतं. तो खुशीत हसत होता.

"रावसाब, तुमी आपल्या पायानं आलं! मंग म्हटलं, रिकामं कसं पाठवायचं? यो बगा, नाग!"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. काही चेहरे पाहू नयेत.

"ही धामण आहे," ते म्हणाले. "तुम्ही आणल्यात त्या सगळ्या धामणीच होत्या. मला माहीत होतं. मी त्यांना नाग म्हटलं."

पाटलांनी घाबरून विचारलं, "म्हंजे सरकार आता पैसं परत मागनार काय?"

"नाही हो, पैशाचं नाही. ऐका. भात सूर्याचं ऊन खातं. त्याच्या दाण्यात ते साठतं. ते खाऊन तुम्ही उभे राहता, आणि उंदीरही त्याच्यावरच उभा राहतो. उंदराला धामण खायची, म्हणून तुमच्या वाट्याचं तुम्हाला उरायचं. मी धामणीच काढून घेतल्या. आता सगळं ऊन उंदराच्या पोटात जातंय."

म्हाताऱ्याने काठी हळूच पाठीमागे नेली. धामण मात्र त्याच्या मागे लपेना, दोन्हीकडून दिसत राहिली.

बाई कुदळ टेकून उठली. "हे तवा का नाय सांगितलंस?" तिने त्यांना एकेरीत विचारलं. पाटील दटावायला पुढे झाले, पण यांनी हाताने थांबवलं.

"तुझं तोंड बघवेना म्हणून," ते म्हणाले.

"मंग आता बग," ती म्हणाली आणि पुन्हा बिळापाशी बसली.

त्यांनी पगडी काढून माझ्या हातात दिली, अंगरखा वर केला आणि तिच्या शेजारी मातीत बसले. बिळात हात घालून लोंब्या ओढू लागले. त्यांच्या हातात निम्म्या तुटायच्या, दाणे मातीत सांडायचे, मग ते एकेक दाणा वेचायचे. सगळं गाव बघत होतं. एक सरकारी कारकून, ब्राह्मण, मातीत रांगतोय. मला त्यांची लाज वाटली. थोड्या वेळाने, हातात पगडी धरून आपण कोरड्या बांधावर उभे आहोत याची वाटली. तरी मी खाली उतरलो नाही.

बाईने बराच वेळ त्यांना करू दिलं. शेवटी म्हणाली, "उटा रावसाब. तुमाला नाय जमत." आवाजात राग नव्हता. मायाही नव्हती. सांडणारे दाणे तिला परवडत नव्हते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वरिष्ठांपुढे जाऊन सगळं सांगितलं. त्यांना वाटत होतं, नोकरी जाईल, चौकशी होईल. पण चौकशी झाली असती तर बक्षिसाच्या कागदांवर सह्या करणाऱ्या सगळ्यांचीच झाली असती. वरिष्ठ म्हणाले, "दयेपोटी झालं, विसरून जा," आणि महिन्याभरात यांची बदली ठाण्याला, मिठाच्या जकातीच्या कामावर झाली. वर थोडी बढतीही मिळाली. निरोपाच्या वेळी ते मला म्हणाले, "शिक्षा दिली असती तर घरी जाऊन झोपलो तरी असतो."

ठाण्यात ते नौपाड्याला राहत. मी अधूनमधून जाई. एकदा खाडीच्या कडेने चालताना समोरून एक साप सळसळत गेला. मी विचारलं, "कुठला हो?" ते थांबले, साप दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. "सांगता येत नाही," म्हणाले. त्यांना सांगता येत होतं हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

जेवायला बसलो की त्यांच्या पानात नाचणीची भाकरी असे. माझ्या पानात भात, मुलांच्या पानात भात. कोकणातला माणूस आणि पानात भात नाही! मी विचारलं तेव्हा म्हणाले, "डॉक्टरांनी बंद केलाय." मी पुढे विचारलं नाही. कोणता डॉक्टर, कोणता आजार, हे त्यांच्या घरातही कोणी विचारलं नसावं.

गेल्या वर्षी ते गेले. दहाव्याला मी पहाटेच ठाण्याला पोचलो. मुलगा आणि भटजी तलावावर जायला निघत होते. पिंडासाठी तांदूळ काढून ठेवले होते. त्यांची बायको आतल्या दाराआड उभी होती. माझ्याशी ती सहसा बोलत नसे, पण त्या दिवशी तिने मला आत बोलावलं.

"भाऊजी, तुम्ही त्यांचे जुने स्नेही," ती म्हणाली. "डॉक्टरांनी इतकी वर्षं भात बंद केला होता. कधी सणालाही शिवले नाहीत. आता त्यांना चालेल ना हो?"

बाहेर भटजी घाई करीत होते. मी त्या ताटलीतल्या तांदळाकडे बघत राहिलो. मान वर करण्याची माझी हिंमत नव्हती.

"चालेल, वहिनी," मी म्हटलं.