आमच्या घरचे लाल जंतू

मी क्षयाचा रोगी ठरलो त्या सुमारास माझं वजन वाढत होतं. हे मी अंदाजाने सांगत नाही. बेंगळूरच्या ज्या सरकारी कारखान्यात मी नोकरीला होतो, तिथे माझं काम मोजमापाच्या खोलीत होतं. ज्याला दिवसभर मायक्रोमीटर हातात धरायचा असतो, तो माणूस महिन्यातून एकदा मालाच्या काट्यावर उभा राहून स्वतःलाही मोजून घेतो. काटा वर चालला होता आणि मला त्याचं थोडं वाईटच वाटत होतं, कारण पँटी नव्या शिवाव्या लागणार होत्या.

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी पुण्याहून आई आणि बायको यांना घेऊन इथे आलो होतो आणि कारखान्याच्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. पण नोकरी अजून कायम झालेली नव्हती. कायम झालो तर क्वार्टर राहणार, नाही तर चाळिशीला टेकलेल्या माणसाने सामान बांधून पुन्हा पुण्याच्या वाटेला लागायचं, असा सरळ हिशेब होता. कायम करण्याआधी छातीचा फोटो काढत. माझ्या फोटोत उजव्या बाजूला, वरच्या टोकाशी, ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका निघाला.

कारखान्याचे डॉक्टर वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी फोटो खिडकीसमोर धरला आणि म्हणाले, "जुना असेल. पुष्कळांना असतो. लहानपणी येऊन गेलेलं असतं आणि कळलेलंही नसतं. खोकला आहे?"

"नाही."

"ताप? संध्याकाळचा, बारीक?"

"रोज बघतो. नाही."

"रात्री घाम? थुंकीत रक्त?"

"नाही."

"छान. मग थुंकी तपासून घेऊ."

शहरातल्या छातीच्या दवाखान्यातून त्यांनी माझ्यासाठी एक रुंद तोंडाची, झाकणाची बाटली आणवली. सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, छातीतून खोल निघालेला कफ तिच्यात द्यायचा होता. तोंडातली लाळ चालत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. अडचण एवढीच होती की ज्याला खोकला नाही त्याला कफ नसतो. पण सांगितलेलं काम न करणं माझ्या स्वभावात नाही. मी पहाटे मागच्या अंगणात उभा राहून खोकू लागलो. आधी साधा, मग पोटातून, मग गुडघ्यांवर हात ठेवून. तिसऱ्या दिवशी मला चांगला खोकला येऊ लागला.

आमच्या आणि शेजारच्या अंगणात छातीइतकी भिंत होती. पलीकडे हिशेब खात्यातले एक गृहस्थ राहत. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठीच, पण तिच्यात निम्मी कन्नड मुरलेली. सारी वसाहत त्यांना अण्णा म्हणे आणि त्यांच्या पत्नीला अक्का. अण्णा दात घासता घासता भिंतीवर कोपर टेकून उभे राहिले.

"काय हो, खोकल्याला किती दिवस झाले?"

"खोकला नाही अण्णा. तपासणीसाठी काढतोय."

"सरी, सरी," अण्णा 'बरं, बरं' अशा अर्थाने म्हणाले. "आमचा मेव्हणा पण पहिल्यांदा असंच म्हणत होता."

त्याच दुपारी अक्कांनी आमच्याकडे राहिलेलं त्यांचं ताकाचं भांडं मागून नेलं. भांडं त्यांनी अंगणातच उकळत्या पाण्यात घातलं. ते आम्हाला दिसेल अशा जागीच चूल मांडली होती.

बाटली गेली आणि उत्तर आलं: अ‍ॅसिड-फास्ट जंतू, थोडे, पण आहेत.

याचा अर्थ डॉक्टरांनी मला समजावून दिला. काचेवर थुंकी पसरायची, तिच्यावर लाल रंग ओतून खालून गरम करायचं, मग वर आम्ल ओतायचं. बाकी सगळे जंतू आम्लाने रंग सोडतात. क्षयाच्या जंतूला मेणचट कवच असतं, तो रंग धरून ठेवतो. मग निळा रंग दिला की निळ्या शेतात लाल काड्या दिसतात.

"म्हणजे लाल दिसला तो क्षयाचाच?" मी विचारलं.

"या कुळातलाच."

"कुळातला की तोच?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या खोलीत 'गो, नो-गो' नावाचं साधं माप असतं. एक टोक भोकातून जावं, दुसरं टोक अडावं, की भोक बरोबर. पण ते माप भोक कुणी पाडलं हे सांगत नाही. लाल रंगाचंही तसंच असावं अशी मला शंका आली आणि मी ती बोलून दाखवली.

"तुम्ही घरी जा," डॉक्टर म्हणाले. "जंतू वाढवून बघायला टाकलेत, त्याला आठ आठवडे लागतील. तोवर रजा, विश्रांती आणि औषध. तुमची मोजमापाची खोली बंद असते, तिथे आता तुम्हाला बसवता येणार नाही. कायम करण्याचं नंतर बघू. औषध लागू पडलं नाही तर मग सॅनेटोरियम आहेच."

मी विश्रांतीला लागलो. गोळ्या लहान होत्या, पण त्यांच्यासोबतची पूड अशी होती की ती घेतल्यावर अन्नावरची वासनाच जाई. त्यावर उपाय म्हणून आई भातावर तूप वाढवू लागली. वजन आणखी वाढलं. डॉक्टरांनी काटा बघून समाधानाने मान हलवली आणि औषध लागू पडतंय असं लिहिलं. पहाटेचा खोकला मी सोडून दिला होता, तेही औषधाच्या खात्यावर जमा झालं.

जंतू वाढवतात ते अंड्याच्या बलकात, काचेच्या नळीत, हे मी घरी बोलून गेलो. आई जेवण वाढता वाढता थांबली.

"आपल्या घरात अंडं येत नाही," ती म्हणाली. "आणि तुझ्या थुंकीला अंडी?"

"आई, ती थुंकी आता सरकारची झाली," बायको म्हणाली.

अण्णा रोज भिंतीशी येत, पण आता दोन हात लांब उभे राहत. "आनेकलला आमच्या मेव्हण्याचं तोट आहे. नारळ, केळी, काय ती हवा. तिथे स्वल्प महिने राहा. शेळीचं दूध प्या. मेव्हणा बरा झाला."

"पूर्ण बरा?"

"तीन वर्षं तरी झाला होता."

मग नियमाप्रमाणे घरच्यांचीही तपासणी आली. आई आणि बायको, दोघींसाठी बाटल्या आल्या. आमच्या घरात पुन्हा पहाटेचं खोकणं सुरू झालं, या वेळी बायकांचं. भिंतीपलीकडून कुणी काही विचारलं नाही. अण्णांनी त्या बाजूची खिडकी लावून घेतली.

दोघींच्याही थुंकीत लाल जंतू निघाले. वसाहतीत आमच्याइतकं रोगट घर दुसरं नाही, यावर सर्वांचं एकमत झालं. आई त्या वयात दोन बादल्या पाणी एका दमात उचलत असे. पण एकमत झाल्यावर बादल्या कोण बघतो. दूधवाला दूध फाटकाबाहेर ठेवू लागला. वसाहतीच्या गणपतीची वर्गणी मागायला आलेले लोक वर्गणी न घेताच गेले, आणि हे मात्र आईला खरंच लागलं.

डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. आता आवाज मवाळ होता. "तिघं. काय बोलू? क्वार्टर रिकामं करायची तयारी ठेवा. मला वरती कळवावं लागेल."

मी घरी येऊन ट्रंका काढल्या. बायकोने त्यातल्या एकीवर बसून घेतलं आणि म्हणाली, "आठ आठवडे झालेत का?"

"नाही."

"मग ट्रंक आत ठेवा."

आठ आठवडे व्हायच्या आधीच छातीच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेतल्या मुख्य बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. त्या धारवाडकडच्या होत्या, मराठी त्यांना येई, फक्त बोलण्याला कन्नड वळण होतं. आमच्या घरी पायताण काढून आत आलेल्या त्या महिन्यांतल्या पहिल्याच.

"मला एक समजेना, म्हणून आले," त्या म्हणाल्या. "क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो. माणसाच्या अंगाची ऊब लागते त्याला. वाढला की कोरडा, खरखरीत, भाकरीच्या कुसकऱ्यासारखा दिसतो. तुमचा कसा आहे माहीत आहे? हळदीसारखा पिवळा आणि तुकतुकीत. अंधारात ठेवला तरी पिवळाच. एक नळी मी नुसती टेबलावर ठेवली होती, या थंड हवेत. तिच्यातही वाढला."

"आणि आमचं?" बायकोने स्वतःकडे आणि आईकडे बोट दाखवलं.

"तिघांचंही तेच. सारखंच. गिनीपिगलाही टोचून बघितलं. तो आजारी पडायला हवा होता. गाजरं खातोय, वजन वाढलंय त्याचं."

मला त्या प्राण्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

"हा जंतू माणसात राहणारा नाही," बाई म्हणाल्या. "पाण्यात, मातीत राहणारा आहे. त्याच कुळातला, म्हणून लाल दिसला. तो तुमच्या छातीत नाही, मग बाटलीत कुठून आला? बाटली घरी आल्यावर काय करता?"

प्रश्न मला होता, पण उत्तर आईने दिलं, आणि अभिमानाने दिलं.

"काय करणार? आधी घासते. राख आणि काथ्या. मग मोरीतल्या नळीखाली तीनदा विसळते."

"अम्मा, ती बाटली आम्ही वाफेत उकळून देतो."

"देत असाल. मी पाहिलेलं नाही," आई म्हणाली. "दवाखान्यातली बाटली, कुणाकुणाच्या तोंडाशी गेलेली. तशीच कशी देऊ पोराच्या हातात?"

"मग पुसून वाळवता?"

"छे. तळाशी चमचाभर पाणी राहू देते. म्हणजे ती घाण चिकटून बसत नाही. तुमच्याकडे कुणाला तरी ती धुवावी लागतच असेल ना? त्याला तेवढंच सोपं."

बाई उठल्या. मग त्यांनी मोरी बघायला मागितली. नळ उंचावर होता आणि पाणी दिवसातून थोडाच वेळ येई, म्हणून त्याला पिंपापर्यंत पोचणारी रबरी नळी जोडलेली होती. ती आमच्या आधीच्या भाडेकरूच्याही आधीची असावी. बाईंनी तिचं टोक कापून उभं चिरलं. आत बोटाला लागेल असा पिवळसर बुळबुळीत थर होता. त्यांनी तो एका स्वच्छ बाटलीत घेतला आणि बाटली आईपासून लांब, स्वतःच्या पिशवीत ठेवली.

काही दिवसांनी त्यांचा निरोप आला: नळीतून तोच हळदीचा जंतू वाढला आहे.

मी तो निरोप घेऊन कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेलो. ते माझ्यापेक्षा अधिक गोंधळले.

"फार चांगलं झालं. अभिनंदन. मी 'बरा झाला' असं लिहितो, उद्यापासून या. फक्त बरा झालेल्या माणसाला दोन वर्षं बंद खोलीत काम देत नाहीत. तुम्हाला मालाच्या बांधणीच्या उघड्या शेडमध्ये टाकू. कायमही करून टाकू."

"पण मी बरा झालेलो नाही."

"म्हणजे?"

"मला काही झालंच नव्हतं."

"त्याची इथे सोय नाही," डॉक्टर म्हणाले. "आजारी आहे, बरा झाला, वारला. या तीनमध्ये काय ते सांगा."

घरी विचार झाला. बायको म्हणाली, बांधणीची शेड का होईना, घर राहील. तिचं चूक नव्हतं. ट्रंका अजून पलंगाखाली अर्ध्या बाहेर होत्या. पण आईला कळलं की आपल्यालाही 'बरी झाली' म्हणून लिहिणार आहेत, आणि तिने सोवळ्याचं लुगडं नेसता नेसता सांगितलं, "मी कशाची बरी होऊ? मी काय आजारी होते?"

माझं म्हणणं वेगळं होतं, पण आमच्या खोलीतलंच होतं. मापाच्या चुकीने नापास झालेला भाग दुरुस्त करून पास करत नाहीत. तो पुन्हा मोजतात. मी डॉक्टरांना तसं लिहून दिलं. मग आम्ही तिघं बसने शहरात गेलो आणि छातीच्या दवाखान्याच्या आवारात, एका आंब्याखाली ओळीने उभे राहून, मिठाच्या पाण्याची वाफ घेऊन खोकलो. बाटल्या बाईंनी आमच्या हातात दिल्या आणि आमच्या हातातूनच घेतल्या. आईकडे बघून त्या म्हणाल्या, "अम्मा, आज विसळायची नाही." आई म्हणाली, "मी हात मागे बांधून उभी आहे, दिसत नाही का?"

पुन्हा आठ आठवडे. बिनपगारी. या आठ आठवड्यांत बायको माझ्याशी कामापुरतंच बोलली आणि मला तिचा राग आला नाही. अण्णांनी मात्र एकदा भिंतीजवळ येऊन हळूच विचारलं की आमच्या पिंपाची नळी कापली ती किती लांबीची होती, कारण त्यांच्याकडेही तशीच आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात एक जुनी रबरी नळी पडलेली दिसली. त्याच संध्याकाळी अक्कांनी ताक पाठवलं, पण आमच्याकडून मागवून घेतलेल्या आमच्याच भांड्यात.

प्रयोगशाळेतल्या नळ्यांत काहीच वाढलं नाही. फोटोतला ठिपका होता तिथेच, तेवढाच होता. डॉक्टरांनी वरती कागद पाठवला आणि माझा हुकूम आला. मला कायम केलं होतं, क्वार्टर राहिलं होतं, मोजमापाची खोलीही परत मिळाली होती. मी हुकूम दोनदा वाचला आणि पुन्हा डॉक्टरांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो.

"आता काय?"

"यात लिहिलंय, 'सध्या रोग नाही'. 'सध्या' काढता येईल का?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साहेब, मी इतकी वर्षं छात्या तपासतोय. 'सध्या' न लिहिता सही करता येईल असा एक माणूस मला आणून दाखवा."

मी त्यांचं म्हणणं तपासून बघितलं, त्यात चूक सापडली नाही. मग हुकमाच्या पोचेवर सही केली आणि बायकोला ट्रंका आत सरकवायला सांगायला घरी गेलो.